बैलगाडी मंडळ बंद होताना

ज्या ऑफिसात काम असतं तिथे किस्से फारसे होत नाहीत, कारण लोकांना वेळच नसतो. किस्से साचतात ते बिनकामाच्या ऑफिसात. माझ्याकडे असा साठा बराच आहे. उमेदीची सगळी वर्षं मी राज्य बैलगाडी सुधारणा मंडळात काढली. हसू नका, असं मंडळ खरंच होतं. सदाशिव पेठेतल्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर त्याच्या दोन खोल्या होत्या. खाली दवाखाना, शेजारी कॉम्प्युटर क्लास. लाकडी चाकांच्या जागी टायर यावेत आणि बैलांच्या मानेवरचा भार हलका व्हावा म्हणून सरकारने कधीकाळी ते काढलं. टायर आले, मागोमाग ट्रॅक्टरही आले. मंडळ मात्र तसंच राहून गेलं.

शेवटी शेवटी आम्ही चारच जण उरलो होतो. प्रशासकीय अधिकारी साठे साहेब, टायपिस्ट कांबळे बाई, ड्रायव्हर शेखभाई आणि लिपिक म्हणजे मी, रानडे. शेजारच्या क्लासातली पोरं कोर्स संपवून अमेरिकेला जात होती, आणि आम्ही चौघं आपलं कोणाच्या लक्षात येऊ नये म्हणून जपून श्वास घेत होतो. आज हे सांगायला लागलो की मित्र पोट धरून हसतात. तेव्हा आमच्यापैकी कोणीही हसत नव्हतं. आमच्याकडे एकच काम मन लावून चालायचं, ते म्हणजे घाबरणं.

*

साठे साहेबांचा एक नियम होता. मुंबईकडे काहीही मागायचं नाही.

त्यामागचं शास्त्र त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात समजावलं. "रानडे, आपण एक ट्यूबलाइट मागितली तर मंत्रालयात कोणाच्या तरी टेबलावर आपला कागद जाणार. तो माणूस शेजारच्याला विचारणार, 'हे कुठलं मंडळ हो?' तो शेजारचा ज्या दिवशी 'मला नाही माहीत' म्हणेल, त्या दिवशी आपण संपलो."

त्यामुळे ट्यूब गेली ती गेलीच. कांबळे बाईंनी टाइपरायटर उचलून खिडकीत नेला. पावसाळ्यात छत गळायला लागल्यावर शेखभाईंनी घरून बादली आणली. पंख्याचा रेग्युलेटर बिघडला तेव्हा पंखा एकाच वेगाने फिरू लागला, आणि डिसेंबरातही आम्ही तो बंद केला नाही. एकदा बंद केला तर पुन्हा सुरू होईलच याची खात्री कोणालाच नव्हती.

माझं प्रमोशन ड्यू झालं तेव्हा मी भीत भीत साहेबांच्या टेबलापाशी गेलो. त्यांनी पेपर खाली केला आणि चष्म्यावरून बघितलं.

"तुम्हाला प्रमोशन हवंय की नोकरी?"

मी माघारी आलो. प्रशासकीय अडचणींमुळे जरा लांबलंय, असं घरी सांगितलं. बायको अजूनही अधूनमधून विचारते, त्या अडचणी संपल्या का म्हणून.

*

ऑफिसात एक काळा फोन होता. तो वाजला की आम्ही चौघंही खुर्च्यांना खिळायचो. बहुतेक वेळा तो एका गॅस एजन्सीचा फोन असायचा, कारण आमचा आणि त्यांचा नंबर जवळजवळ सारखा होता. फोन उचलायचं काम शेखभाईंकडे होतं. त्यांचा आवाज भरदार, आणि 'राँग नंबर' हे दोन शब्द ते असे म्हणायचे की पलीकडच्याला स्वतःचाच संशय यावा.

एका दुपारी फोन वाजला. शेखभाईंनी सवयीने सांगून टाकलं, "राँग नंबर." मग ते ऐकत राहिले. त्यांचा चेहरा उतरत गेला. रिसीव्हरवर हात ठेवून ते कसेबसे पुटपुटले, "मंत्रालय हाय साहेब."

कांबळे बाई टाइप करायच्या थांबल्या. साठे साहेबांनी नुसतीच मान हलवली. ती होकारार्थी होती की नकारार्थी, हे आजवर ठरलेलं नाही.

शेखभाईंनी हात काढला. पलीकडचा विचारत होता, "मग हा फोन लागलाय कुठे?"

"घरी," शेखभाई म्हणाले.

पलीकडच्याने माफी मागितली आणि फोन ठेवला. पुढचा आठवडाभर आम्ही फोनकडे पाहत बसलो. त्याच्यावर झाकायला कांबळे बाईंनी घरून एक क्रोशाचा रुमालही आणला. आठवडा निघून गेल्यावर साठे साहेब शेखभाईंना म्हणाले, "तुम्ही बढतीला पात्र आहात. फक्त मागू नका."

*

एक दिवस चक्क बैलगाडीवाला आला.

हे किती भयंकर होतं, हे तुम्हाला नाही कळायचं. मी नोकरीला लागल्यापासून आमच्या दारात बैलगाडी असलेला एकही माणूस आला नव्हता. धोतर, टोपी, हातात पिशवी, खांद्यावर गोणपाटात गुंडाळलेला लोखंडी दांडा. नाव सोपानराव, हडपसरच्या पुढच्या एका गावातले. त्यांच्या गाडीवर आमच्या मंडळाची जुनी पत्र्याची पाटी होती. तीवरचा पत्ता वाचून ते विचारत विचारत आले होते.

"गाडीचा आस मोडलाय," ते म्हणाले. "तुमचीच गाडी हाय. बघा काय व्हतंय का."

साठे साहेबांनी त्यांना बसवलं, चहा मागवला आणि मला आतल्या खोलीत बोलावलं. "रानडे, हा माणूस खरा वाटतो का?"

"खरा म्हणजे?"

"तपासणीसाठी पाठवलेला नसेल ना? आपण काम करतो की नाही, हे बघायला."

मी दारातून पाहिलं. सोपानराव बशीत चहा ओतून पीत होते. मला ते खरेच वाटले, पण शपथेवर सांगायची छाती नव्हती. आता पेच असा पडला की अर्ज लिहून घेतला तर फाइल होणार, फाइल झाली की ती मुंबईला जाणार. नाही म्हणून परत पाठवलं तर तक्रार होणार, आणि तक्रारही मुंबईलाच जाणार.

मार्ग शेखभाईंनी काढला. त्यांच्या मेहुण्याचं भवानी पेठेत लेथ मशीन होतं. मोडका आस तिथे नेला, जोडून घेतला आणि संध्याकाळच्या आत सोपानरावांच्या हवाली केला. कुठे सही नाही, शिक्का नाही. सरकारी काम इतक्या लवकर झालेलं त्या माणसाने जन्मात पाहिलं नव्हतं. तो गहिवरला.

"लई झ्याक काम करता तुम्ही," तो म्हणाला. "आमच्या आमदारास्नी मुद्दाम सांगतो."

साठे साहेब खुर्चीवरून उठले आणि त्यांनी दोन्ही हात जोडले. "काहीही करा, पण तेवढं सांगू नका."

*

मग एका सकाळी पेपरात बातमी आली. राज्यातली निष्क्रिय मंडळं आणि आयोग बंद करणार. सरकारला आता खर्च परवडत नाही, जग बदललंय, वगैरे वगैरे. साठे साहेबांनी ती बातमी पुन्हा पुन्हा वाचली आणि पेपर उलटा ठेवला. उलट्या बाजूला कुठल्याशा सॉफ्टवेअर कंपनीची पानभर जाहिरात होती. त्यांना इतकी माणसं हवी होती की त्यांनी तारीख वार देऊन सगळ्यांना बोलावलं होतं. आमच्यातलं कोणीही त्यांना नको होतं.

कांबळे बाईंनी पेपर सुलटा करून ती बातमी स्वतः वाचली. त्यांच्या नवऱ्याची पिंपरीतली कंपनी आदल्याच वर्षी बंद पडली होती. ते घरीच असायचे. मुलगा दहावीला, मुलगी सातवीत, घर बाईंच्या एकटीच्या पगारावर चाललेलं.

"साहेब," त्यांनी विचारलं, "आपण निष्क्रिय आहोत का?"

"अजून कोणी तसं म्हटलेलं नाही."

"आणि म्हटलं तर? बदली होईल ना दुसरीकडे?"

साठे साहेबांनी चष्मा काढून पुसला. एरवी टोमणा मारायची एकही संधी ते सोडायचे नाहीत, पण त्या दिवशी त्यांचा आवाज निराळाच लागला. "बदली सरकारी नोकराची होते, बाई. आपण सरकारी नाही, मंडळाचे. मंडळ गेलं की आपण गेलो. घेतलं कुठे सामावून तर घेतलं. तसा हक्क नाही आपला."

ही गोष्ट आम्हा सगळ्यांना माहीत होती. पण तोवर ती कोणी मोठ्याने बोलून दाखवली नव्हती. त्या दिवशी डबे तसेच परत गेले.

*

आता सगळं उलटं झालं. इतकी वर्षं लपण्यात गेली होती आणि आता दिसायला हवं होतं. साठे साहेबांनी पहिल्यांदाच नियम मोडून मुंबईला फोन लावला. सुधारित बैलगाडीचं प्रात्यक्षिक ठेवलंय, वरिष्ठ अधिकाऱ्यांनी पाहायला यावं! फोन ठेवल्यावर त्यांनी त्याच्यावर क्रोशाचा रुमाल पुन्हा नीट पसरला. अधिकारी यायला तयार झाले होते.

प्रात्यक्षिक ठरलं खरं, पण पुण्यात बैल आणायचे कुठून? शेवटी शेखभाई बसने जाऊन सोपानरावांना भेटले. तो भला माणूस लगेच तयार झाला. बैलांना आंघोळ घातली, शिंगं रंगवली, गोंडे बांधले. हडपसरजवळच्या एका मोकळ्या मैदानावर जमायचं ठरलं. आम्ही लवकर निघून रस्त्यातच बैलगाडीला गाठलं. कांबळे बाईंनी ठेवणीतली साडी नेसली होती. त्यांनी बैलांना ओवाळायला तबक आणलं होतं.

आम्ही एकच गोष्ट विसरलो. त्या रस्त्यावर नुकतंच आयटी पार्कचं काम सुरू झालं होतं. सकाळी कंपन्यांच्या बसगाड्या, सिमेंटचे ट्रक, टेंपो, स्कूटर, सगळं तिथूनच जायचं. मैदानाच्या अलीकडच्या वळणावर एका बसने कर्कश हॉर्न दिला आणि आमचे नटवलेले बैल रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. काही केल्या हलेनात. सोपानराव चुचकारत होते, शेखभाई मागून गाडी ढकलत होते. बसमधली पोरं खिडकीतून माना काढून ओरडत होती, "काका, क्लच दाबा क्लच!" बघता बघता रांग नजरेच्या पार गेली.

अधिकाऱ्यांची गाडी त्याच रांगेत अडकली होती. वाट पाहून पाहून ते खाली उतरले आणि भर उन्हात चालत पुढे आले. हातात तबक घेऊन उभ्या असलेल्या कांबळे बाई त्यांना गर्दीतल्याच कोणी वाटल्या असाव्यात. बैलगाडी पाहून ते तिथेच कडाडले, "या असल्या बैलगाड्या अजून चालू कशा? बंदच करून टाकायला हव्यात सगळ्या!"

आणि वळून गेले. आपण जे प्रात्यक्षिक पाहायला आलोय ते हेच, हे त्यांना कळलंच नाही. आम्हीही पुढे होऊन सांगितलं नाही. परतीच्या बसमध्ये कांबळे बाईंनी मला हळूच विचारलं, "रानडे, ते नुसतं गाड्यांबद्दल म्हणाले ना?"

मी हो म्हटलं.

*

थोड्याच दिवसांनी निकम साहेब आले. मंडळ गुंडाळण्यासाठी नेमलेले अधिकारी. आमच्याहून वयाने लहान, बारीक अंगाचे, बोलणं मोजकं. याआधी दोन मंडळं बंद करून आलेत, एवढं कानावर आलं होतं. त्यांच्या चपलांचा आवाज जिन्यात आला की आम्ही उगाच उभे राहायचो. ते स्वतः मुळात कुठल्या खात्याचे, की आमच्यासारखेच कुठल्या मंडळाचे, हे विचारायची कोणाची हिंमत नव्हती.

पहिल्या दिवशी त्यांनी एकेकाला बोलावून काम विचारलं.

"तुम्ही ड्रायव्हर. गाडी कुठे आहे?"

"गॅरेजला," शेखभाई म्हणाले.

"कधीपासून?"

"मी लागलो त्याच्या आधीपासून, साहेब."

निकम साहेबांनी तेही शांतपणे लिहून घेतलं. ते ओरडत नव्हते याचीच आम्हाला जास्त भीती वाटायची. ओरडणारा साहेब चहा प्यायला की निवतो.

कांबळे बाईंनी तर धसकाच घेतला. आपला टाइपरायटर थांबला आणि यांनी बरोबर तेव्हाच ऐकलं तर काय, म्हणून त्या सकाळपासून संध्याकाळपर्यंत टाइप करत राहिल्या. खडखड, खडखड, जेवतानाही एक हात चालूच. आमच्याकडे टाइप करण्यासारखं काहीच नव्हतं, तरी कागद भरत होते. तिसऱ्या दिवशी निकम साहेब येऊन त्यांच्या मागे उभे राहिले. बाईंची बोटं थिजली. साहेबांनी मशीनमधला कागद ओढून काढला आणि वाचू लागले. मी टेबलाखाली हात जोडले होते.

बाईंच्या मुलाच्या इतिहासाच्या नोट्स होत्या त्या.

निकम साहेबांनी पान पूर्ण वाचलं, पुन्हा मशीनमध्ये नीट चढवलं. "पानिपतच्या पराभवाचं एक कारण राहिलंय," ते म्हणाले. "रसद तुटली होती." आणि आपल्या टेबलाकडे निघून गेले. बाईंनी ते कारण टाइप केलं. डोळे पुसत टाइप केलं, म्हणून त्या ओळीत चुका फार झाल्या.

*

मार्च अखेरीला मंडळ संपलं. सामावून घेण्याचा विचार यथावकाश होईल, असं सांगण्यात आलं. यथावकाश म्हणजे कधी, ते निकम साहेबांनी सांगितलं नाही. बहुतेक त्यांनाही माहीत नव्हतं. त्यांनी आमच्यासमोर दाराला कुलूप घातलं, लाख वितळवून शिक्का मारला आणि म्हणाले, "उद्यापासून येऊ नका."

त्या रात्री मी घरी काहीच बोललो नाही. जेवताना तोंड उघडलं आणि मिटलं. सकाळी बायकोने नेहमीसारखा डबा भरला, मी नेहमीसारखी स्कूटर काढली. कोथरूडहून निघालो तेव्हा कुठे जायचं हे ठरलेलं नव्हतं. कर्वे रस्त्यावर एका झाडाखाली थांबलो. ओळखीचं कोणी दिसेल या धास्तीने तिथेही टिकता येईना. संध्याकाळपर्यंत एवढा मोठा दिवस कुठे घालवायचा? शेवटी सदाशिव पेठेत आलो आणि आपल्याच जिन्याने वर चढलो.

दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर साठे साहेब बसले होते.

मला पाहून ते दचकले. "चष्मा राहिला होता आत," ते म्हणाले. चष्मा त्यांच्या नाकावर होता.

"माझी पण पिशवी राहिली," मी म्हणालो, आणि डब्याची पिशवी पाठीमागे धरली.

थोड्या वेळाने कांबळे बाई आल्या. त्यांची छत्री राहिली होती. बाहेर एप्रिलचं ऊन भाजून काढत होतं. मागोमाग शेखभाई आले. गॅरेजमधल्या जीपची किल्ली जमा करायची राहून गेली, असं त्यांनी सांगितलं. कोणाकडे जमा करणार, हे कोणी विचारलं नाही. चौघंही पायऱ्यांवर बसलो, एकमेकांकडे न बघता. क्लासातली पोरं आमच्यामधून वाट काढत वर-खाली करत होती. "एक्स्क्यूज मी अंकल," म्हणत होती.

"घरी सांगितलंत?" बऱ्याच वेळाने साठे साहेबांनी विचारलं.

कांबळे बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. "मुलाचा शेवटचा पेपर व्हायचाय," एवढंच त्या म्हणाल्या.

दुपार झाली. भूक कोणाला ऐकते? आधी शेखभाईंनी डबा उघडला, मग एकेक करत सगळ्यांनी. पहिला घास तोंडात जातो न जातो तोच खालून चपलांचा आवाज आला. ओळखीचा आवाज. शेखभाईंनी गडबडीने झाकण लावलं, बाईंनी डबा पदराखाली घेतला. साठे साहेब उठून उभे राहिले आणि माझ्या तोंडातला घास तसाच राहिला. बंद केलेल्या ऑफिसच्या दारात बसणं हा काय गुन्हा असतो, ते मला माहीत नव्हतं, पण असणारच असं वाटलं.

निकम साहेब वळणावर येऊन थांबले. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, मग पुन्हा आमच्याकडे. घामाने शर्ट अंगाला चिकटला होता.

"शिक्का नीट बसलाय का, बघायला आलो होतो," ते म्हणाले.

त्यांच्या हातात डब्याची पिशवी होती.

मग कांबळे बाई पायरीवर थोड्या भिंतीकडे सरकल्या.

"बसा साहेब. भाजी कसली आणलीय?"

"गवार," निकम साहेब म्हणाले.